तोडायचा नमुना

हातात आकडे आले की माझा आवाज आपोआप चढतो, असं मावशी म्हणते. त्या बुधवारी तो चांगलाच चढला होता. अहवालाच्या शेवटी मी ठसठशीत अक्षरात लिहिलं, ‘फरक लक्षणीय आहे’, खाली सही ठोकली आणि कागद मालकीणबाईंच्या टेबलावर असा ठेवला की त्यांच्या चहाची बशी खणकन वाजली.

आमचा कारखाना दोरखंडाचा. पीळ देणारी यंत्रं दोन. जुनं यंत्र माझी मावशी चालवते, सव्वीस वर्षं झाली. नवं गेल्या वर्षी आलं, त्यावर जो माणूस असतो त्याला आम्ही सगळे टापटीप म्हणतो. तेलाच्या डब्याखालीसुद्धा तो कागद अंथरतो आणि दर तासाला केसांवरून कंगवा फिरवतो, त्यामुळे दुसरं नाव सुचणं शक्यच नव्हतं. माझं काम चाचणीच्या खोलीत. दोराचा तुकडा दोन लोखंडी जबड्यांत धरायचा, ताण वाढवत न्यायचा, तुटला की काटा जिथे थांबेल तो आकडा लिहायचा. दिवसभर चांगल्या वस्तू तोडायचा पगार मिळतो, म्हणून घरी माझी थट्टा होते.

मालकीणबाईंना आणखी एक नवं यंत्र आणायचं होतं आणि त्याला जागा हवी होती. त्यांनी मला बोलावून सरळ सांगितलं, “जुन्याचा दोर खरोखरच कमी ताकदीचा असेल, तर शनिवारी क्रेन बोलावते आणि ते उचलून टाकते. नसेल, तर भिंत पाडून जागा काढू. पण मला अंदाज नकोत.”

जुनं यंत्र गेलं की मावशी गुंडाळणीला जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. गुंडाळणी म्हणजे खाली बसून दुसऱ्यांच्या दोराची भेंडोळी करायची. आई गेल्यावर मला या मावशीनेच वाढवलं. मी बेरीज शिकले ती तिच्या यंत्रावरच्या लडी मोजत. मला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटतंय म्हणूनच मी जास्त ताठ झाले. बाईंना म्हणाले, “नातं मी दाराबाहेर चपलांबरोबर काढून येते. तुम्ही निर्धास्त राहा.”

दोन्ही यंत्रांकडे एकच चिठ्ठी गेली, ‘उद्यापर्यंत दहा नमुने पाठवावेत.’ नमुने आले, मी ते तोडले आणि टी-टेस्ट लावली. ही परीक्षा मला फार आवडते, कारण ती कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. नव्या यंत्राची सरासरी आठशे बेचाळीस किलो, जुन्याची आठशे सहा. अंतर छत्तीस. पण नुसतं अंतर बघून भागत नाही. एकाच यंत्राचे दोन तुकडेसुद्धा सारख्या ताणावर तुटत नाहीत, तेव्हा आकडे आपापसात किती विखुरतात आणि नमुने किती आहेत तेही धरावं लागतं. त्या विखुरण्याच्या मानाने अंतर मोठं असेल तरच फरकावर विश्वास ठेवायचा. माझा टी आला ३.८७. म्हणजे दोन्ही यंत्रं खरंच सारखी असती, तर एवढं किंवा याहून मोठं अंतर निव्वळ योगायोगाने पडायची वेळ हजारात तीनदाच आली असती. यावर कोण काय बोलणार?

एक गोष्ट मला खटकली होती, ती आत्ताच सांगून टाकते. टापटीपचे दहाही आकडे सरासरीच्या नऊएक किलो इकडेतिकडे घुटमळत होते. दोर इतका शहाण्यासारखा कधी वागत नाही, एरवी वीसएक किलोंचा तरी गोंधळ असतोच. मी ते बघितलं आणि म्हणाले, नवं यंत्र आहे, असेल बुवा. अक्कल गहाण टाकली की माणूस असंच बोलतो.

संध्याकाळी आम्ही दोघी जेवायला बसलो. मावशीला अहवालाचं कळलेलं होतं. कारखान्यातली बातमी माझ्याआधी घरी पोचते.

“काय गं, माझे नमुने कमी पडले म्हणे,” ती म्हणाली.

“कमी नाही पडले, कमकुवत निघाले. मी काही करू शकत नाही, मावशी. आकडे आहेत.”

“निघणारच की. तसेच दिले होते.”

माझा घास हातातच राहिला. “तसेच म्हणजे कसे?”

“तोडायलाच मागितलेस ना? मग तोडायला चांगला दोर कोण देतं? टोकाकडचे तुकडे, जोडाजवळचे, पीळ जरा सैल पडलेले, असले काढून ठेवलेलेच असतात. कुणाला विकता येत नाहीत. म्हटलं, तुझ्या तरी कामाला येतील.”

“अगं पण मी नमुने मागितले होते!”

“मग नमुनेच दिले. एकेक नमुना बघण्यासारखा होता.”

मला हसूही येईना आणि रडूही येईना. ती मात्र शांतपणे जेवत होती. तिच्या दृष्टीने तिने शहाणपणाच केला होता, चांगला माल वाचवला होता. मी म्हणाले, “अगं, त्या असल्या तुकड्यांपायी तुझं यंत्र शनिवारी उचललं जाणार आहे!” तेव्हा कुठे तिने पाण्याचा पेला खाली ठेवला. आजवर तिला घाबरलेली मी कधी पाहिली नव्हती. ती म्हणाली, “मला वाटलं, तुला माहीत असेल.”

ते वाक्य मला लागलं. आकड्यांच्या बाईला माहीत असायला हवं होतं.

सकाळी कारखान्यात पाऊल टाकलं ते थेट टापटीपकडे गेले. “नमुना म्हणजे काय हो?”

तो कंगवा खिशात ठेवत म्हणाला, “हे काय विचारणं झालं, मॅडम? नमुना म्हणजे दाखवायची वस्तू. आपली इज्जत असते त्यात. पन्नासातून दहा निवडले. टोकं मेणाने बंद केली, पुसून दिले. का, आवडले नाहीत?”

आवडले होते, हीच तर पंचाईत. मी एकच शब्द लिहिला होता आणि तो दोघांनी आपापल्या स्वभावाप्रमाणे वाचला. एकाने आपला सगळ्यात देखणा माल पाठवला, दुसरीने सगळ्यात टाकाऊ. आणि मी त्या दोन ढिगांमधला फरक इतक्या काटेकोरपणे मोजला होता की कुणालाही कौतुक वाटावं. टी-टेस्ट खोटं बोलली नव्हती. तिने मला अचूक सांगितलं होतं की निवडक दोर आणि टाकाऊ दोर यांच्यात फरक असतो. हे कळायला आमच्या शेजारणीलाही परीक्षा लागली नसती.

मालकीणबाईंकडे गेले आणि म्हणाले, “अहवाल मागे घेते. चूक माझी आहे.” सगळं सांगितलं.

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “बुधवारी तुझा आवाज वेगळा होता. मधल्या वेळात घरी जाऊन आलीस, नाही का?”

कान तापले माझे. पण राग कशाचा धरायचा? त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं, आणि इतक्या सभ्यपणे विचारलंही नसतं. मी म्हणाले, “संशय घ्याच, बाई. आणि म्हणूनच या वेळी मला काही कळूच देऊ नका. गोदामात दोन्ही यंत्रांची मिळून जेवढी भेंडोळी आहेत, त्यांना क्रमांक घाला. चिठ्ठ्या टाका, दोन्हीकडची वीस-वीस तुम्ही स्वतः उचला. प्रत्येकातला मधला तुकडा कापा. कुठला ढीग कुणाचा ते फक्त तुमच्या कागदावर, तो कागद तुमच्या खणात, किल्ली तुमच्या कमरेला.”

“आणि तोडणार तू?”

“मी नाही. मावशीचा पीळ मी डोळे मिटून ओळखते. हात लागला की कळेल. तोडायचं पण तुम्हीच.”

बाई हसल्या. म्हणाल्या, “म्हणजे मालकीण मी, आणि कामाला लावणार तू.” पण पदर खोचून उठल्या.

शुक्रवारी दुपारी चाचणीच्या खोलीचं दार आतून बंद झालं. मी बाहेर बाकावर बसले, मांडीवर कोरा कागद घेऊन. आतून दोर ताणला जाण्याची करकर यायची, मग फाडकन आवाज. चाळीस वेळा. मी इतकी वर्षं ते यंत्र चालवलं, पण तो आवाज बाहेरून कधी ऐकला नव्हता. प्रत्येक वेळी दचकत होते. क्रेन सकाळी नऊला येणार होती आणि मावशी पलीकडे आपल्या यंत्राशी उभी राहून रोजच्यासारखा पीळ देत होती, माझ्याकडे एकदाही न बघता.

दार उघडलं. बाईंचे केस विस्कटलेले, कपाळावर घाम. त्यांनी दोन रकाने माझ्या हातात दिले. वर फक्त ‘अ’ आणि ‘ब’.

मी तिथेच बाकावर मांडायला घेतलं. ‘अ’ची सरासरी आठशे एकोणतीस. ‘ब’ची आठशे सव्वीस. विखुरणं दोन्हीकडे वीस-एकवीस, म्हणजे दोर पुन्हा दोरासारखा वागत होता. टी आला ०.४६. दुसऱ्यांदा केला, तितकाच आला. यंत्रं अगदी सारखी असली तरी एवढं किंवा याहून मोठं अंतर योगायोगाने शंभरात पासष्ट वेळा पडेल. मी पेन्सिल खाली ठेवली. ‘अ’ कोण आणि ‘ब’ कोण, हे मला ठाऊक नव्हतं, आणि आता ठाऊक असायची गरजही नव्हती. उत्तर दोन्ही बाजूंनी एकच होतं. मला इतका आनंद झाला की मी बाकावरून उठून पुन्हा बसले.

“म्हणजे फरक नाही, असं लिहू?” बाईंनी विचारलं.

“नाही. ‘फरक दिसला नाही’ असं लिहा. बारीकसा असेलही, चाळीस तुकड्यांत तो दिसत नाही. पण छत्तीस किलोंचं जे खूळ मी तुमच्या डोक्यात घातलं होतं, ते गेलं. क्रेन बोलवायला कारण उरलं नाही.”

“खण उघडू? बघायचंय कोण पुढे आहे ते?”

“नको. तीन किलोंना काही अर्थ नाही, उगाच कुणाला तरी मिरवायला मिळेल.”

बाईंनी तिथूनच फोन लावला आणि क्रेनवाल्याला येऊ नकोस म्हणून सांगितलं. मग भिंतीकडे बघून एक सुस्कारा टाकला, कारण आता ती पाडायची होती.

मी मावशीकडे धावत गेले. यंत्राच्या आवाजात ओरडून सांगितलं, “राहिलं गं! तुझं यंत्र राहिलं! दोन्हींच्या दोरात फरक दिसला नाही!”

मला वाटलं, ती मला जवळ घेईल. तिने यंत्र बंद केलं, हात फडक्याला पुसले आणि कपाळाला आठ्या घालून विचारलं, “फरक दिसला नाही? सव्वीस वर्षं मी इथे उभी, आणि त्या कालच्या डब्यात नि माझ्यात फरक दिसला नाही?”

“अगं मावशी, हीच तर चांगली बातमी आहे!”

“तुझ्यासाठी असेल. सरासरी कुणाची जास्त?”

“ते कुणालाच माहीत नाही. कागद खणात आहे.”

“मग वीसने काय होतंय? दोनशे तोड. मी स्वतः काढून देते दोनशे, एकसे एक.”

“एकसे एक नकोत!” मी जवळजवळ किंचाळले. पलीकडे टापटीपने मान वळवून बघितलं. “पुन्हा तेच? निवडायचे नाहीत. चांगले नकोत, वाईट नकोत. हाताला येतील ते, कसेही दे!”

मावशीने माझ्याकडे बघितलं. मग यंत्राचा खटका दाबला, लडी फिरायला लागल्या, आणि त्या आवाजातही मला स्पष्ट ऐकू यावं इतक्या मोठ्याने ती म्हणाली, “तुझ्या चिठ्ठ्या तूच टाक, बाई. कसंही द्यायला मला येत नाही.”