डिशच्या आड भाऊ

शहाड स्टेशनच्या अलीकडे आमची चाळ आणि पलीकडे उंच इमारत. मध्ये रेल्वेचे रूळ, त्यामुळे केबल खोदून आणायची परवानगी कधी मिळालीच नाही. शेवटी नेटवाल्यांनी एक डिश त्या इमारतीच्या गच्चीवर बसवली आणि दुसरी आमच्या चाळीच्या पत्र्यावर. दोन्ही डिश एकमेकींना सरळ दिसल्या की हवेतून नेट येतं, मध्ये काही आलं की बंद. त्या नेटवर मी एका विमा कंपनीच्या ग्राहकांचे फोन घरून घ्यायचे. बाबा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले, आई शाळेत खिचडी शिजवायला जाते. बाबांना एकटं टाकून मी कुठे जाणार?

बुधवारी सकाळी अख्ख्या चाळीचं नेट मेलं. मोबाइलची रेंज आमच्या खोलीत जेमतेम फोन लागण्यापुरती. फोन लावून मी कंपनीतल्या मेघना मॅडमना कळवलं.

"प्रियांका, तू अजून प्रोबेशनवर आहेस आणि हे पहिल्यांदा होत नाहीये," त्या म्हणाल्या. "दुपारपर्यंत लॉगिन झालं नाही तर माझ्या हातात काही नाही."

नेटवाल्यांचा प्रेम आला, पत्र्यावर चढला आणि लगेच उतरला. "ताई, डिश ठणठणीत आहे. समोर भाऊ आलेत."

वर पाहिलं. आमच्या डिशच्या तोंडासमोरच लोखंडी सांगाडा, मागून पत्रा ठोकलेला, आणि त्यावर ऋतुराजभाऊ हात जोडून दात काढताहेत. भावी नगरसेवक. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'आपल्या वस्तीत हायस्पीड इंटरनेट आणल्याबद्दल भाऊंना वाढदिवसाच्या लाख लाख शुभेच्छा'. या माणसाने साधी वायर आणली नव्हती.

"बोर्ड चार हात बाजूला सरकव ना," मी प्रेमला म्हटलं.

"मी? येडा झालोय काय? वाढदिवसाचा बोर्ड आहे. हात लावला ना, तर उद्यापासून या एरियात धंदा बंद."

मग मी दारोदार फिरले. सकाळपासून सगळेच नेटच्या नावाने खडे फोडत होते, पण बोर्डाचं नाव काढलं की आवाज खाली. शेजारच्या हेमांगीवहिनी म्हणाल्या, "अगं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. आणि शुभेच्छुकांमध्ये आमच्या ह्यांचा पण फोटो आहे ना." मला त्यांची किळस आली. तीही सांगायची सोय नव्हती, कारण बाबांना उचलायला त्यांचेच हे येतात.

भाऊंच्या ऑफिसात गेले तर हारांचा ढीग आणि केकचा चिकट वास. "बाबुरावांची मुलगी ना तू?" भाऊ म्हणाले. "कार्यक्रम होऊ दे, मग हलवू बोर्ड."

"भाऊ, तोवर माझी नोकरी जाईल. घरून काम करते मी, या नेटवर."

"आपल्या नेटवर? वा! ए, संध्याकाळच्या सत्कारात हिचं नाव घे रे."

बाबांना भरवत असताना मॅडमचा मेसेज आला. नोकरी गेली होती. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांना सांगितलं, आज सुट्टी आहे.

सत्काराला मी जाणारच नव्हते. आई म्हणाली, "जा गं बाई. कुठेतरी चिकटवतील तुला. त्यांच्याशी वाकडं घेऊन आपल्याला परवडेल का?" आईचाही राग आला. तरी गेले.

शाल आली, नारळ आला, मग माइक आला. मी बोलून टाकलं. "माझी नोकरी आज दुपारी गेली. या बोर्डामुळे गेली. सकाळपासून सगळ्या चाळीचं नेट त्याने अडवलंय."

खाली हेमांगीवहिनी पदराशी चाळा करत बसल्या होत्या. भाऊंनी हसत हसत माइक काढून घेतला. "बघा, आपल्या नेटची लोकांना किती गरज आहे! बोर्ड उद्याच हलवतो. आणि या ताईला आपल्याच ऑफिसात नोकरी. दहा ते सात!"

टाळ्या कडाडल्या. सगळ्यात जोरात आमच्याच चाळीतल्यांच्या. दहा ते सात बाबांजवळ कोण बसणार, हे विचारायला माइक माझ्याकडे राहिला नव्हता. भाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला कॅमेऱ्याकडे वळवलं.

"ताई, जरा हसा," फोटोवाला म्हणाला.

मी हसले. "थँक्यू भाऊ," असंही माझ्याच तोंडून निघालं.