न घासलेली खाच

एस्टिल दोन वर्षं डोंगरावर गेला नव्हता. केंटकीच्या त्या खोऱ्यात हरणांचा हंगाम उघडला की कोणी ना कोणी विचारायचंच, आणि त्याचं उत्तर ठरलेलं. "पाय शिवशिवतायत रे! पण रायफलीची लिव्हर इतकी जड झालीय, एक गोळी उडवून दुसरी भरेपर्यंत हरीण पलीकडे जाऊन झोप काढून येईल." मंडळी हसत. मग तो दिवसभर खिडकीशी बसून राही. बायकोशीही चार शब्द बोलत नसे.

हे मौन ऑर्लेनाला सोसवेना. तिचं माहेर बंदूकदुरुस्तीचं. मुलगा नव्हता म्हणून वडिलांची सगळी विद्या हिच्या पदरात पडली, आणि अजूनही शेजारपाजारच्या बंदुका तिच्याकडेच येत. तिनं मनाशी ठरवलं, यंदा नवरा डोंगरावर गेलाच पाहिजे.

जेवून एस्टिल आडवा झाला, की ती मागच्या पडवीत रायफल खोलून बसे. आतल्या भागांना मेणबत्तीची काजळी धरायची, पुन्हा जोडून लिव्हर खालीवर करायची, परत उघडून बघायचं. काजळी पुसली गेली असेल तिथेच लोखंड लोखंडाला धरतंय. तेवढ्याच जागी तेलाचा थेंब टाकून दगडानं घासायचं, केसाकेसानं. तोंडात रविवारचं प्रवचन. त्यांचा म्हातारा उपदेशक बोलता बोलता सुरात चढायचा, आणि ती चढती ओळ लिव्हरच्या खालीवर होण्यात अशी काही बसे, की हात दुखतायत हे तिला कळतच नसे. देवाचं नाव आणि नवऱ्याचं काम, दोन्ही एकाच हातानं चाललं होतं.

एका जागेला मात्र तिनं दगड लावला नाही. मागचा घोडा ताणल्यावर ज्या खाचेत अडकून राहतो, ती खाच. ती झिजली की घोडा आपोआप सुटतो, आणि पुढे कोण उभं आहे ते बघत नाही. "तिला हात लावील तो कारागीर नव्हे, खुनी," असं वडील म्हणत.

बाराव्या दिवशी लिव्हर दोन बोटांनी खाली आली.

हंगामाच्या पहिल्या सकाळी धाकटा दीर हर्शेल गाडी घेऊन दारात. ऑर्लेनानं त्याला मक्याची भाकर वाढली आणि रायफल पुढे केली.

"अरे, ही तर लोण्यासारखी चालतेय!" हर्शेल ओरडला. "वहिनी, धन्य आहेस! दादा, ऊठ, बूट चढव. आता सबब संपली!"

एस्टिलनं रायफल घेतली. लिव्हर एकदाच खालीवर केली. ऑर्लेना त्याच्या चेहऱ्यावर हसू शोधत होती. तिथं घाम होता. मग त्याची छाती वाजली. खाणीत एकतीस वर्षं गिळलेला कोळसा तो. हल्ली अंगणातल्या चार पायऱ्या चढतानाही तो मध्ये थांबे, कुंपण बघतोय असं दाखवून. आणि तीही कुंपणच बघत राहिली होती.

लिव्हर जड होती हे खरं. पण डोंगर अडला होता तो लिव्हरमुळे नव्हे.

"घोड्याची खाच घासलीय हिनं," एस्टिल तिच्याकडे न बघता म्हणाला. "नुसत्या धक्क्यानं सुटेल. ही घेऊन चढायचं म्हणजे तुझ्या पाठीत गोळी."

हर्शेलचा घास थांबला. "वहिनीनं? आण बघू इकडे."

घोडा ताणून अंगठ्यानं ढकलला असता, तर खाच शाबूत आहे हे क्षणात कळलं असतं. ऑर्लेनानं रायफल मध्येच घेतली.

"घासली," ती म्हणाली. "जरा जास्तच. तू हात नको लावूस."

"अगं, तुझे वडील असते तर तुला दुकानात झाडूही मारू दिला नसता!" हर्शेल हसत हसत एकटाच गेला.

गाडी वळणाआड झाली. आता तरी तो काही बोलेल म्हणून ती उभी राहिली.

"कॉफी गार झालीय," एस्टिल म्हणाला.

रविवारी चर्चच्या अंगणात त्याच्याभोवती घोळका होता. कित्येक महिन्यांनी तो मोकळा बोलत होता. "बायकोच्या हाती कानस द्यावी का, तुम्हीच सांगा!" लोक पोट धरून हसत होते. शेजारचा म्हातारा डेल्बर्ट तिच्या बाजूला येऊन हळूच म्हणाला, "ऑर्लेना, माझी बंदूक तेवढी परत दे गं. शहरात दाखवतो."

"न्या," ती म्हणाली.

एस्टिलनं ते ऐकलं. मग दोघं-तिघं नवीन आले होते, म्हणून त्यानं गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.