अर्धा सूर खाली

खिळा नवाच होता. एर्सिलियानं तो कॉफीच्या कपाशेजारी ठेवून बोटानं फिरवला — गंज नाही, धूळ नाही, आणि वाकला होता तिथे हातोडीचा घाव ताजा, चकचकीत... रंगमंचावर जाण्याआधी वाकडा खिळा सापडला की गाणं पार पडतं, म्हणून इतकी वर्षं ती पडद्यामागच्या फळ्यांवर डोळे फाडून शोधत आली होती. कधी सापडायचा, बहुतेकदा नाही. काल मात्र पहिल्याच पावलाला, नेमका तिच्या वाटेत. म्हणजे कोणीतरी तो मुद्दाम वाकवून ठेवला होता. म्हातारीला शोधावं लागू नये म्हणून. म्हातारी! अठ्ठावन्न म्हणजे काय वय झालं?

तिनं खिळा कोटाच्या खिशात टाकला आणि बाहेर पडली. ऑपेरातून निरोपाचे दोनच प्रयोग, कालचा पहिला, उद्याचा शेवटचा. तिसऱ्या अंकातलं गाणं अर्धा सूर खाली घेऊ, वरची जागा सोपी जाईल, कोणाच्या लक्षातही येणार नाही, असं वाद्यवृंदाचा तो तरुण संचालक म्हणाला होता. मिलानचा पोरगा, त्याला पार्माची वरची गॅलरी काय ठाऊक! तिथे न्हावी बसतात, खाटीक बसतात, आणि चुकीचा सूर त्यांना भातातल्या खड्यासारखा दाताखाली लागतो; लागला की हुर्योची शिट्टी. हे ठाऊक असून मी हो म्हणाले... गाताना ती शिट्ट्यांची वाट पाहत राहिली, आणि आल्या टाळ्या. लांबलचक, उबदार. त्या टाळ्यांवर ती रात्री गाढ झोपलीही होती.

चेझिरा तिच्या दुकानात तोर्तेल्ली, म्हणजे पालेभाजी भरलेल्या पिठाच्या चौकोनी पुरचुंड्या, करत होती. एर्सिलियाला पार्मानं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा, ऐन वरच्या जागी सूर फुटला तेव्हा, गॅलरीतून पहिली शिट्टी हिचीच आली होती. दुसऱ्या दिवशी एर्सिलिया मुद्दाम इथे आली, नाक वर करून, अर्धा किलो तोर्तेल्ली मागायला. चेझिरा म्हणाली होती, "सूर फुटला तुझा. मान मात्र ताठ आहे हो!" तेव्हापासून प्रत्येक प्रयोगानंतर हा रिवाज. व्हिएन्नात फुलं पडली, ब्युनोस आयरेसला लोकांनी घोडे सोडून तिची गाडी स्वतः ओढली, पण आपण कशा गायलो हे तिला कळायचं ते या पिठाळ टेबलापाशी.

"काय, कसं झालं काल?"

"छान झालं गं. फार गोड गायलीस," चेझिरा म्हणाली, आणि न मोजता आणखी एक ओंजळ पुडीत टाकली.

गोड... तीस वर्षांत हा शब्द या दुकानात निघाला नव्हता. खिशात खिळा बोटाला टोचला.

"चेझिरा, मी अर्धा सूर खाली गायले."

चेझिरानं हात एप्रनला पुसले. "माहीत आहे."

"वर सगळ्यांनाच?"

"बहिरे आहोत का आम्ही? न्हाव्यानं शिट्टीसाठी ओठांचा चंबूसुद्धा केला होता. मीच त्याच्या पायावर पाय दिला."

"कशाला?"

"कशाला म्हणजे! जातेस ना आता तू. इतकं दिलंस आम्हाला... एक रात्र आम्हीही गप्प बसलो तर काय बिघडलं?"

एर्सिलियाचे कान तापले. त्या पहिल्या शिट्टीनं पोळलं नव्हतं इतकं आता पोळलं. यांनी मला माफ केलं — मला! एखाद्या आजारी बाईला बसायला जागा द्यावी तसं.

"जास्तीच्या काढ. वजन कर."

"आली बया मूळपदावर!"

"उद्या मी मूळ सुरात गाणार. फुटला तर शिट्टी मारायची. कोणाच्या पायावर पाय द्यायचा नाही."

"फुटेल गं, एर्सिलिया." हे मात्र चेझिरा हळू म्हणाली.

"फुटू दे. शब्द दे मला."

चेझिरा पुडीतल्या जास्तीच्या तोर्तेल्ली एकेक करून परत ताटात ठेवू लागली. "पहिली शिट्टी माझी," ती म्हणाली.

खिळा टेबलावर ठेवून एर्सिलिया निघाली. पुलावर वारा होता. तिनं सवयीनं गळ्याभोवती शाल घेतली, आणि मधेच थांबली. भीती. कित्येक वर्षं न भेटलेली, सव्विसाव्या वर्षातली, पार्मातल्या त्या पहिल्या रात्रीची, तीच ती... तो वरचा सूर अजून आहे की नाही, मला ठाऊक नाही. आत्ता हळूच घेऊन बघता येईल, इथे कोणी नाही — नको. उद्याच. उद्या वर कोणीतरी ओठांचा चंबू करून माझी वाट पाहत असेल.

हातात नेमकी अर्धा किलोची पुडी होती, आणि मान आपोआप ताठ झाली होती.