तुर्दिकुलचा चावा

"आत जाता येणार नाही. रोटी ठेव, मी पोचवतो," स्टेशनजवळच्या कापसाच्या गोदामाच्या फाटकावरचा शिपाई म्हणाला.

"तू पोचवून काय उपयोग? त्यांनी माझ्यासमोर चावा घ्यायला हवा," ओयनिसा म्हणाली.

सामूहिक शेतीचा प्रमुख सत्तार तिथेच उभा होता. कारखान्यांसाठी वरून ठरवून दिलेली माणसं भरल्याशिवाय त्याचीही सुटका नव्हती.

"वहिनी, तुर्दिकुल काय लढाईवर चाललाय? उरालच्या कारखान्यात कामाला चाललाय."

"इथं काम नव्हतं? एका डोळ्यानं दिसत नाही म्हणून सैन्यानं परत धाडलं. बंदुकीला नालायक, फावड्याला लायक होय रे?"

सत्तारने हातातली नावांची यादी घडी करून खिशात सारली.

तिच्या नवऱ्याला, तुर्दिकुलला, कालव्याच्या खोदकामावरून परस्पर उचललं होतं. गावची रीत होती, लांब जाणाऱ्याने निघताना घरच्या रोटीचा एक चावा घ्यायचा. उरलेली रोटी भिंतीला टांगायची आणि परतल्यावर त्यानेच ती संपवायची. युद्धातल्या उपासमारीतही गावातल्या एकाही घराने हे चुकवलं नव्हतं. ओयनिसाने शेजारणींकडून मूठमूठ पीठ मागून तंदूर पेटवला होता आणि स्टेशनपर्यंत चालत आली होती.

शेवटी सत्तारनेच शिपायाची मनधरणी केली. तुर्दिकुल गजांपाशी आला. गालफडं बसलेली, झग्याचा कमरपट्टा गायब.

ओयनिसाने फडकं सोडून रोटी आत सरकवली. "एकच चावा हं. बाकीची द्या इकडे."

त्याने चावा घेतला. गिळला. पुन्हा घेतला.

"अहो, पुरे!"

"आणल्यापासून नुसतं पाणी पाजतायत गं," तो भरल्या तोंडाने म्हणाला. मागून हात पुढे आले. त्याने तुकडे मोडून दिले, उरलेलं तोंडात कोंबलं.

"थोडी तरी ठेवा! मी टांगू काय?"

तेव्हा कुठे तो थांबला. रिकाम्या हातांकडे बघत राहिला. मग झग्याच्या घड्या चाचपल्या.

"कळलंच नाही मला," तो म्हणाला. आतून कोणीतरी ओरडलं आणि रांग गाडीकडे निघाली.

परतीच्या वाटेवर सत्तारने गाडा तिच्याशेजारी आणला. "दुसरी भाजा नि टांगा, वहिनी. कोण बघायला येतंय?"

"त्यांचा चावा कुठून आणू?"

सत्तारने गाडा पुढे हाकला.

घरी आल्यावर तिने फडकं उघडलं. रोटीवरचे थोडे तीळ कापडाला चिकटले होते. तिने ते झटकलं नाही. तसंच गाठ मारून भिंतीवरच्या खिळ्याला टांगलं. ते इतकं हलकं होतं की दार उघडलं की हलायचं.