आधी सांगायचं, मग हात लावायचा

"गेली! गेली तुझी परीक्षा!" इव्हेट खुर्चीतून ओरडली. "लावलास ना पुन्हा आधी हात?"

आईने माझ्या कोपरावरचा हात चटका बसल्यासारखा मागे घेतला. मी स्वयंपाकघरात, शेगडीशेजारच्या बाकावर आडवी पडले होते. माझं वय ब्याऐंशी होतं, मला अर्धांगवायू झाला होता आणि माझा उजवा हात लुळा होता. निदान इव्हेटच्या मांडीवरच्या कागदात तसं लिहिलेलं होतं.

"सांगणारच होते मी," आई म्हणाली.

"कधी? म्हातारी मेल्यावर?"

"तू नको शिकवूस गं मला. तू झालीस पास, सुटलीस."

"तोंडाच्या जोरावर झाले, रोलांद. हात तुझ्याइतके चांगले नाहीत माझे, हॅस्कल बाईसुद्धा म्हणाल्या. पण तुझ्या हातांना जीभ कुठाय?"

 आईने माझी बाही खाली ओढली, दाराबाहेर गेली आणि पुन्हा दार वाजवून आत आली. परीक्षेत सुरुवात तिथूनच करावी लागते.

आई आणि इव्हेट दोघी एकाच पट्ट्यावरच्या. आमच्या गावाबाहेर बटाट्याच्या काड्या तळून गोठवायचा कारखाना होता. तिथे पट्ट्यावरून धुतलेले बटाटे वाहत यायचे आणि दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या बायका त्यातले हिरवे, नासके बटाटे आणि दगड वेचून काढायच्या. आईने ते काम एकतीस वर्षं केलं. यंत्रांचा आवाज इतका, की शेजारणीला काही सांगायचं तर आधी तिच्या कोपराला हात लावायचा, तिने मान वळवली की मग हातांनीच बोलायचं. पोटावर तळवा म्हणजे भूक. मूठ म्हणजे साहेब येतोय. इव्हेट मात्र एकतीस वर्षं तोंडानेच बोलत राहिली. कुणाला ऐकू येत नाही याचं तिला कधी काही वाटलं नाही.

आईला तो आवाज मानवला असावा. ती लहान असताना आमच्या खोऱ्यातल्या इंग्रजी शाळांमध्ये फ्रेंच बोललं की शिक्षा व्हायची, आणि घरी तर फ्रेंचखेरीज काही येत नव्हतं. गप्प राहिलं की चूक होत नाही, हे ती सहाव्या वर्षी शिकली. पुढे ती माझ्याशीही गप्पच राहिली. बाबा गेले तेव्हा तिने मला शहरात फोन केला. पलीकडून नुसता श्वास ऐकू आला. मी म्हणाले, "येते." आणि आले ती परत गेलेच नाही. गावच्या वाचनालयात जागा होती, ती धरली.

मग कारखाना बंद पडला. काढलेल्या कामगारांना सरकार नवं काहीतरी शिकवणार होतं, पण एकदाच. पुरुष ट्रक चालवायला शिकायला गेले. आई आणि इव्हेट कम्युनिटी कॉलेजात नर्सिंग असिस्टंटच्या वर्गात बसल्या. वर्गात अकरा जणी होत्या. बाकीच्यांच्या आया आईपेक्षा लहान होत्या. आईचं तेव्हा अठ्ठावन्नावं सरलं होतं. टेकडीवरच्या वृद्धाश्रमात माणसं हवी होती, पण राज्याची परीक्षा झाल्याखेरीज तिथे चादरीला हात लावू देत नसत.

वर्गात तिचे हात सगळ्यांच्या पुढे होते. पलंगाच्या चादरीचे कोपरे ती असे दुमडायची, की शिकवणाऱ्या हॅस्कल बाई इतर मुलींना बोलावून दाखवायच्या. एकदा वृद्धाश्रमातल्या सरावाच्या दिवशी तिने एका आजोबांच्या टाचेवर बोट ठेवलं आणि बाईंकडे पाहिलं. वरून काहीच दिसत नव्हतं. दोन दिवसांनी तिथली कातडी लाल झाली, पडून पडून होणाऱ्या जखमेची खूण. सालीखाली नासायला लागलेला बटाटा ती एकतीस वर्षं बोटांनी ओळखत आली होती.

पण परीक्षेत ती नापास झाली. दोनदा. पहिल्यांदा तिने न सांगता हात लावला. दुसऱ्यांदा ते टाळायच्या धास्तीने तोंडच उघडलं नाही. पाणी योग्य तेवढं कोमट, कवळी नीट धुतलेली, व्हीलचेअरचे ब्रेक लावलेले, घंटीचं बटण रोग्याच्या हाताशी ठेवलेलं. आणि सबंध वेळ एक अक्षर नाही. शेरा एका ओळीचा होता: काय करतो आहोत ते रोग्याला सांगितले नाही.

संधी तीनच मिळतात. तिसऱ्यांदा गेलं की सगळा वर्ग पहिल्यापासून, आणि तो आता सरकार देणार नव्हतं.

दुसऱ्या परीक्षेनंतर हॅस्कल बाई स्वतः घरी आल्या होत्या. उंच, हडकुळ्या, दक्षिणेकडच्या किनाऱ्यावरच्या. आईने त्यांच्यापुढे कुट्टूच्या पिठाची धिरडी, लोणी आणि काकवी ठेवली आणि स्वतः उभी राहिली.

"मिसेस मिशो, तुम्ही सगळं बरोबर करता," बाई म्हणाल्या. "पण तो माणूस नुसता पडून आहे. कोण आलंय, काय करणार आहे, त्याला काय माहीत? न सांगता हात लावलात की माणसाची वस्तू होते."



"बटाटा होतो," आई म्हणाली.

"हो," बाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. "बटाटा होतो."

त्या संध्याकाळी मी आईला म्हणाले, "माणसांशी जमत नाही ना? मग वस्तूंशी बोल. जे करशील ते आधी सांगायचं. परीक्षेला तीन आठवडे आहेत."

"वेडी म्हणतील मला."

"कोण म्हणेल? घरात मी आणि मांजर."

सुरुवात मांजरापासून झाली. "मिनू, आता मी तुला खाली ठेवते." मग किटली. "आता मी तुझं झाकण काढते. वाफ येईल हं." मग गोधडी, सरपण, तिचे स्वतःचे बूट. आधी पुटपुटल्यासारखं, मग चारचौघांसारखं. परीक्षा इंग्रजीत, म्हणून सकाळी इंग्रजी आणि दुपारनंतर फ्रेंच, असं तिनेच ठरवलं. मी वाचनालयातून परत यायची तेव्हा रस्त्यावरूनच तिचा आवाज ऐकू यायचा. त्या घरात मी अठरा वर्षं वाढले होते आणि तो आवाज मला अनोळखी होता. थोडा जाड, थोडा चेष्टेखोर.

"आता मी दार उघडते," एकदा तिने आतून सांगितलं. "बाहेर माझी मुलगी आहे. तिने सकाळी डबा नेला नाही. आता मी तिला बोलणार आहे."

इव्हेट रोज चारला कागद घेऊन यायची. "काल दुकानात तुझ्या आईने पावाला सांगितलं, मी तुला पिशवीत ठेवते," ती मला म्हणाली. "पावाची काही तक्रार नव्हती म्हणे."

तरी बाकावर मी झोपले की आईचा हात आधी पुढे यायचा. एकतीस वर्षांची सवय तीन आठवड्यांत मोडत नाही. इव्हेट "गेली!" म्हणून ओरडायची आणि आई दाराबाहेर जायची.

परीक्षेच्या आदल्या दिवशी इव्हेट आली नाही. तिच्या सुनेला कळा सुरू झाल्या होत्या. आई दार वाजवून आत आली. तिने आपलं नाव सांगितलं, हात धुतले, माझ्याजवळ आली आणि थांबली. दोन्ही हात तिने एप्रनच्या खिशात घातले होते.

"मी तुमचे केस विंचरणार आहे," ती म्हणाली. "चालेल ना?"

"चालेल."

"आता मी तुमची मान थोडी वळवते. आता कपाळावरचे केस बाजूला करते." मग ती फ्रेंचवर आली. "तू झोपलेली असताना करायची मी हे. कामावर जायच्या आधी. पहाटे चारला. तेव्हा सांगितलं नव्हतं."

मी डोळे मिटून पडून राहिले. ब्याऐंशी वर्षांच्या, अर्धांगवायू झालेल्या बाईने काय उत्तर द्यावं, ते कागदात लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या व्हरांड्यातल्या बाकड्यावर मी दीड तास बसले. त्या सकाळी परीक्षा देणारी आई एकटीच होती. रोगी व्हायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून हॅस्कल बाईंनी इव्हेटला बोलावलं होतं, शब्द काढायचा नाही या अटीवर. आदल्या रात्री आजी झालेल्या बाईला गप्प बसायला सांगणं म्हणजे तिचीही परीक्षाच होती. आत काय झालं ते मला तिनेच सांगितलं, एकदा नाही, पुढची कित्येक वर्षं.

"मी तिथे पातळ झग्यात, लाकडासारखी पडलेले. ती परीक्षक बाई कागद-पेन्सिल घेऊन कोपऱ्यात. ही आत आली, हात धुतले, माझ्याकडे आली, आणि हात निघाला हिचा! मी पाहिला ना. निघाला तो सरळ माझ्या कोपराकडे. मी म्हटलं, देवा, संपलं. ओरडायची सोय नाही. आणि मग तो हात हवेतच थांबला. असा. हिने त्याच्याकडे पाहिलं, आणि त्या हाताला म्हणाली, 'थांब, आधी मी बोलते.'"

इथे इव्हेट नेहमी थांबायची.

"हाताला म्हणाली! परीक्षक बाईंनी मान वर केली. पण त्यानंतर जी बोलत सुटली! इंग्रजी असं, की राणीने कान झाकले असते. पण एक गोष्ट राहिली नाही. 'आता तुमचा दुखरा हात आधी बाहीत घालते. दुखलं तर सांगा. आता नाडी मोजते, एक मिनिट मी गप्प असेन, घाबरू नका.' घाबरू नका म्हणे! आणि सगळ्यात शेवटी, घंटीचं बटण माझ्या हाताशी ठेवलं आणि फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं. त्या बाईला काय फ्रेंच कळतं?"

परीक्षक बाईंनी विचारलं होतं, "शेवटी तुम्ही काय म्हणालात?"

"तुम्हाला थंडी वाजतेय का, असं विचारलं," आई म्हणाली.

"ते यादीत नाही."

"नाही. पण तिला वाजतेय."

आणि इव्हेटच्या दंडावर खरोखरच काटा आला होता. परीक्षक बाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि स्वतः उठून खिडकी लावली.

दार उघडलं तेव्हा आधी हॅस्कल बाई बाहेर आल्या. त्यांनी अंगठा वर केला. मागून इव्हेट झग्यावर कोट चढवत, दीड तासाचं साठलेलं सगळं एकदम बोलत आली. सगळ्यात शेवटी आई आली. हातात कागद होता. तो तिने मला दिला नाही, वाचून दाखवला. मोठ्याने, सगळा, खालच्या सहीच्या नावासकट. व्हरांड्यातून जाणारी मुलं थांबून ऐकू लागली. तिचं वाचून झाल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर तिने किटली ठेवली, कोट खुंटीला लावला.

"आता मी बसते," ती म्हणाली आणि बसली. कामाच्या वारी, भर दुपारी तिला बसलेली मी प्रथमच पाहत होते.

टेकडीवरच्या वृद्धाश्रमात तिने अकरा वर्षं काम केलं. नवीन मुलींना पहिले तीन महिने तिच्यामागे फिरवायची तिथे पद्धत पडली. नातलग विचारायचे, आज रोलांदची पाळी आहे का? पट्ट्यावरची एक जुनी बाई पार बहिरी झाली होती, कुणालाच जुमानत नसे. आई तिच्यासमोर उभी राहायची, पोटावर तळवा ठेवायची. ती बाई जेवायला उठायची.

मागच्या हिवाळ्यात आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. त्याच इमारतीत, नदीच्या बाजूच्या खोलीत तिला ठेवलं. काही हवं असलं की ती डाव्या हाताने माझ्या कोपराला स्पर्श करायची, आणि मी मान वळवायची. पोटावर तळवा कधी ठेवला नाही तिने. मूठ मात्र एकदा दाखवली, डॉक्टर आत येत होते तेव्हा. तिच्या ओठाचा एक कोपरा हसला.

ती गेली ती सकाळी, नऊच्या सुमारास. बाहेर बर्फावर ऊन पडलं होतं. थोड्या वेळाने शॅनन आली. आईच्या हाताखाली शिकलेली, सगळ्यात शेवटची. तिने दार वाजवलं. हात धुतले. पलंगाशी येऊन थांबली.

"रोलांद, मी शॅनन," ती म्हणाली. "आता मी तुमचा चेहरा पुसणार आहे. पाणी कोमट आहे."

तिने चेहरा पुसला. "आता तुमचा दुखरा हात आधी बाहीत घालते." मग दुसरा. मी कंगवा मागितला. "मी तुझे केस बाजूला करते," मी म्हणाले, आणि केले.

शॅननने चादर ओढून घेतली, कोपरे दुमडले, आणि घंटीचं बटण आईच्या डाव्या हाताशी ठेवलं. मग काय केलं ते तिच्या लक्षात आलं. ती ओशाळली आणि बटण काढायला वाकली.

"राहू दे," मी म्हणाले.