चार आकड्यांचा चमत्कार

"सात, शून्य, तीन, आठ," पडद्यावरचा वाहुर डोळे मिटून म्हणाला. "आयवार, तुझ्या फोनकडे बघ."

आयवारनं बघितलं आणि तो खुर्चीतून ताडकन उठला. "सात शून्य तीन आठ! आईशप्पथ, तोच आकडा!"

वाचनालयात जमलेली दहा-अकरा माणसं त्याच्या फोनवर तुटून पडली. उत्तरेकडच्या थंड समुद्रातल्या या हिइउमा बेटावर नोकऱ्या थोड्या, त्यामुळे आमच्या गावातले निम्मे लोक घरी बसून मुख्य भूमीवरच्या कचेऱ्यांची कामं करतात आणि एकटेपणाला कंटाळून दर बुधवारी लॅपटॉप घेऊन इथे येतात. कॉफी, राय धान्याचा काळा पाव आणि गप्पा. वाचनालय मी चालवते. भिंतीवरचा मोठा पडदा वाहुरसाठी मीच लावून दिला होता, त्याची मला आजही लाज वाटते.

हा वाहुर म्हणे 'एकाग्रतेचा साधक'. अंगात पांढरा लोकरी स्वेटर, मागे भूर्जाची झाडं, तीही चित्रातली. "घरून काम करणाऱ्याचं मन घरभर सांडलेलं असतं," तो मधाळ आवाजात सांगत होता. "थोडं चुलीपाशी, थोडं सौनाच्या वाफेत, थोडं मांजराच्या शेपटीत! मी ते गोळा करतो आणि तुमच्या फोनमध्ये बांधतो. आकडा पोचला की गाठ बसली. मग पिन टाकून तिला कुलूप लावा. मला सांगू नका हं! पिन कधीच कुणाला सांगायचा नाही."

इथेच तो जिंकला. बँक, दवाखाना, सरकारी कागद, आमचं सगळं फोनमधल्या ओळखपत्रावर चालतं, आणि पिन कुणाला सांगायचा नाही हे आम्ही अगदी घोकून पाठ केलेलं. हा तर स्वतःच सांगू नका म्हणतोय! मग यात फसवाफसवी कुठली?

आयवारनं पिन टाकला. त्याच्यामागून काइदीनं टाकला.

"आता मारित," वाहुर म्हणाला.

मारित मुख्य भूमीवरच्या तार्तू शहरातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या रुग्णनोंदी घरून सांभाळायची. घरी अंथरुणाला खिळलेली आई. गेले दोन महिने तिच्या कामात चुका होत होत्या आणि तिची वरिष्ठ हेल्वे हिनं ताकीद दिली होती, की आता चुकलीस तर तार्तूला येऊन कचेरीत बसायचं. बेट सोडलं तर आईकडे कोण बघणार? ती त्या पडद्याकडे मोठ्या आशेनं बघत होती.

"चार, आठ, दोन, सहा."

मारितचा फोन थरथरला. तिचे डोळे भरून आले. "आला! तोच आला!"

"लाव कुलूप. फार वेळ थांबणार नाही तो."

"मारित, हात काढ फोनवरून," मागून आवाज आला.

इंबीबाई! अर्ध्या बेटाला भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. रोज इथे पेपर वाचायला येतात, आणि इतका वेळ पेपरामागेच होत्या.

"बाई, वेळ संपेल हो! एकच पिन टाकायचा राहिलाय."

"मग मीही एकच प्रश्न विचारते." बाई पडद्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "काय हो वाहुर, मनानं आकडे पाठवता ना? मग मी सांगते तो पाठवा. एक, एक, एक, एक."

"विश्वशक्ती कुणाचा हुकूम ऐकत नाही, बाई."

"विश्वशक्तीला कोण सांगतंय? मी तुम्हाला सांगतेय."

कुणीतरी फिसकन हसलं. वाहुरच्या आवाजातला मध आटला. "शंका घेतलीत तर गाठ सुटेल! मारित, टाक तो पिन! आत्ता!"

मारितचा अंगठा काचेवर टेकायला आला होता. तिनं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा बाईंकडे. तेवढ्यात फोन पुन्हा थरथरला. वेळ संपली होती.

"गेलं!" ती ओरडली. "वाटोळं केलंत माझं!"

"नंतर रड. आधी ओळख क्रमांक सांग तुझा."

मारितनं हुंदके देत सांगितला. आमच्याकडे तो नावाइतक्याच सहज सांगतात. बैठकीआधी वाहुरनं पाठवलेल्या फॉर्मवरही सगळ्यांनी तो भरला होता, आणि कुठे काम करता तेही. बाईंनी माझ्या संगणकावर वाचनालयाचं पान उघडलं, तिचा क्रमांक टाकला, पान नीट बघून घेतलं. मग डोळे मिटून, हुबेहूब वाहुरचा आवाज काढत त्या म्हणाल्या, "नऊ, शून्य, पाच, तीन. बाळ, फोन बघ."

मारितनं बघितलं आणि तिचं रडणं थांबलं. "नऊ शून्य पाच तीन..."

"मला कधी गं सिद्धी मिळाली? तुझ्या नावानं कुणी कुठेही शिरायला गेलं, की त्याच्या पडद्यावर एक आकडा येतो. तोच तुझ्या फोनवर येतो. दोन्ही जुळतात का ते तू बघावंस म्हणून. आकडा यंत्र ठरवतं, म्हणून माझा एक-एक-एक-एक त्याला पाठवता येईना. दार तो ढकलत होता, आतून कडी तू काढणार होतीस. त्याला पिन सांगायची गरजच काय? आता आकड्याच्या वर काय लिहिलंय ते वाच."

"'वाचनालय, प्रवेश.'" मारित पांढरीफटक पडली. "मघाशी तिथे 'रुग्णनोंदी' होतं, बाई. मी वाचलं होतं. मला वाटलं, माझ्या कामालाच आशीर्वाद देतोय."

मी वळून बघितलं, तर पडदा कोरा. वाहुर पसार झाला होता. आयवार आणि काइदी आपापली ओळखपत्रं बंद करून घ्यायला फोन कानाला लावून बाहेर धावले.

मारित मात्र जागची हलली नाही. "वाहुरच्या बैठकीची लिंक मी दवाखान्यातही पाठवलीये. हेल्वेसकट सहा जणींना. बारा वाजता त्यांची त्याच्याबरोबर बैठक आहे."

घड्याळात पावणेबारा वाजले होते.

"मग लाव हेल्वेला फोन," बाई म्हणाल्या.

"तिला काय सांगू? नोकरी जाईल माझी!"

"हजारो लोकांची दुखणी आहेत त्या नोंदींत, पोरी."

मारितनं फोन लावला. घंटा वाजत राहिली, वाजतच राहिली. शेवटी हेल्वेनं उचलला.

"हेल्वे, मी मारित. मोठी चूक झालीये माझी. तो वाहुर चोर आहे. कुणालाही पिन टाकू देऊ नकोस."

मारितनं डोळे घट्ट मिटून घेतले.

"त्यानं बैठक आत्ताच सुरू केली," हेल्वे हळूच म्हणाली. "आकडाही आला, मारित. मी पिन टाकतच होते, तेवढ्यात तुझा फोन मध्ये आला."

मारितची नोकरी राहिली. आईचं आटोपेपर्यंत ती लॅपटॉप उघडत नाही, आणि कामाला बसली की दार बंद. चुका थांबल्या, त्याला कुठला मंत्र लागला नाही. तुम्हाला माझं सांगणं एवढंच आहे: न मागता फोनवर आकडा आला, तर हात जोडू नका. वरची ओळ वाचा आणि 'नको' दाबा. आणि फसलात, तर लाजेनं गप्प बसू नका, लगेच फोन उचला. त्या क्षणी दुसऱ्या कुणाचा तरी अंगठा काचेवर टेकायला आलेला असतो.