माइकच्या गळ्यातली घरघर

मी एक जुना माइक आहे. टेबलावर उभा राहणारा, लांब मानेचा, वळवाल तसा वळणारा. मान वाकते म्हणून कोणी मला नम्र समजू नये, मित्रांनो. मी चांगलाच मानी आहे, आणि एका उन्हाळ्यात माझ्यावर जो खोटा आळ आला तो मी अजून विसरलेलो नाही.

माझा जन्म कुठल्या गावी झाला ते मला ठाऊक नाही. माझ्या खोक्यावर सगळं चिनी भाषेत छापलेलं होतं. दोन हजार चार साली कुंदनने मला विकत आणलं आणि नाशिकला सिडकोतल्या आपल्या गेमिंग कॅफेत चार नंबरच्या कॉम्प्युटरपुढे उभं केलं. तो कॉम्प्युटर सगळ्यांत तगडा. आत निळे दिवे, बाजूला मोठा पंखा, आणि नवरदेवासारखा थाट. अख्ख्या कॅफेत माइक मी एकटाच, त्यामुळे दसऱ्याला कुंदनची आई मालनबाई मलाही झेंडूचं फूल वाहायची. पंख्याच्या वाऱ्याने ते लगेच पडायचं, पण मान मिळाला तो मिळाला.

संजना आणि तिचा मोठा भाऊ बंटी हे माझे लाडके खेळाडू. दोघं शेजारी बसून गोळीबाराचा खेळ खेळायची. “दादा, जिन्यामागे एक आहे,” असं ती म्हणायची आणि तो जिन्याकडे धावायचा. पुढे बंटी कॉलेजसाठी पुण्याला गेला. तरी जोडी मोडली नाही. तो पुण्यातल्या एका कॅफेत बसायचा, ही सिडकोत, आणि मध्ये मी. बहिणीचा शब्द भावाच्या कानात घालायचा, एवढंच माझं काम, आणि ते मी जीव ओतून करत होतो.

आमच्या दाराशी, भिंतीला लागून भागुबाई बसायची. मखमलाबादहून सकाळीच मेथी, शेपू, कोथिंबीर घेऊन यायची. जुड्या टवटवीत राहाव्यात म्हणून दिवसभर पाणी मारायची आणि गढूळ पाणी भिंतीच्या कडेला ओतायची. “मेथी घ्या, शेपू घ्याऽ” ही तिची आरोळी मला पाठ झाली होती. मला दुसरं काही नाहीच, मी अख्खा कानच आहे.

दोन हजार सातच्या फाल्गुनात कुंदनने दाराला काच बसवली आणि त्याला चिखल खुपू लागला. “मावशी, तुम्ही पलीकडे गिरणीपाशी बसा ना,” तो म्हणाला. “पोरांच्या बुटांना चिखल लागतो, सगळा आत येतो.”

“बरं बाबा. दुकान तुझं हाय,” भागुबाई म्हणाली. तिने टोपली उचलली आणि रस्त्यापलीकडे उन्हात जाऊन बसली. तिच्या जागी कुंदनने कुंडीत प्लॅस्टिकचं झाड ठेवलं. त्याला पाणी लागत नाही, याचं त्याला फार कौतुक होतं.

चैत्र सरता सरता माझ्या आवाजात गुंऽऽ असा सूर लागला. आधी बारीक, मग असा की संजनाचा शब्द ऐकू येईना. “संजू, तू पिठाच्या गिरणीत बसून खेळतेस का?” बंटीने विचारलं. ती “जिन्यामागे” म्हणाली, त्याला “विहिरीमागे” ऐकू आलं, आणि जिन्यामागच्याने त्याला पाठीत गोळी घातली.

सगळ्यांनी मलाच दोषी धरलं. कुंदनने मला रुमालात गुंडाळलं, मग त्याच्या मोज्यात. मोजा धुतलेला नव्हता, हे मी मुद्दाम नोंदवतो. त्याने कॉम्प्युटरमधलं सगळं पुसून नव्याने भरलं. मालनबाईने चार नंबरला लिंबू-मिरची बांधली. शेजारच्या दुकानातून उसना माइक आणला, तर तोही गुंऽऽ करू लागला. यावरून कुणाही शहाण्या माणसाला काही कळलं असतं. कुंदन म्हणाला, “दोन्ही खराब आहेत.”

एक मात्र खरं. त्याचा हात कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला लागला की गुणगुण कमी व्हायची आणि त्याच्या बोटांना झिणझिण्या यायच्या. झालं. संजना खेळायला बसली की मालक चपला काढून, देवाच्या पायावर ठेवावा तसा हात कॅबिनेटवर ठेवून तास तास बसू लागला. बाकीची गिऱ्हाइकं हाका मारून थकली.

अशातच दोघादोघांच्या जोड्यांची स्पर्धा ठरली, रविवारी. गुरुवारी बंटी म्हणाला, “संजू, शनिवारपर्यंत आवाज साफ झाला नाही, तर मी होस्टेलमधल्या एकाला जोडीला घेतो. चिडू नको.” संजना “बरं” म्हणाली आणि माझ्याकडे बघत राहिली. कुंदनने भंगाराचं खोकं टेबलाखाली आणून ठेवलं. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. भंगाराचं नव्हे, तिच्या बघण्याचं.

शनिवारी दुपारी वाल्मीक वायरमन आला. मूळचा घोटीचा, हातात होल्डरला लावलेला बल्ब. कुंदनला कॅबिनेटवर हात ठेवून बसलेला पाहून तो आधी ओरडला, “शेठ, हात काढा. जीव जायचा एखांद्या दिवशी.” मग त्याने बल्ब अर्थिंगला लावून पाहिला. अर्थिंग धड असतं तर तो लख्ख पेटला असता, पण तो नुसता मिणमिणला. कॉम्प्युटरमधली चुकार वीज तारेवाटे जमिनीत सोडतात, त्याला अर्थिंग म्हणतात. आमच्या अर्थिंगचा पाइप निघाला भिंतीच्या कडेला, प्लॅस्टिकच्या झाडामागे. वाल्मीकने तार घासली, नट आवळला, आणि डोकं खाजवत उभा राहिला. “तार ठीक, पाइप ठीक. मंग घोडं आडलं कुठं?”

तेवढ्यात मालनबाईची कोथिंबीर द्यायला भागुबाई आली. ती त्या पाइपाकडे बघून म्हणाली, “हितं तर मी रोज चार बादल्या पाणी वतायची. लय तहानलेली जागा हाय ही. कितीबी वता, मुरून जायाचं.”

वाल्मीकने कपाळावर हात मारला. “आवं, अर्थिंगला वल लागती. कोरडी जमीन ईज घेत नाय. आमच्या घोटीला चार म्हैने पाऊस अन् पुढं आठ म्हैने वल. पाणी घालायची पाळीच येत नाय, म्हून माझ्या ध्यानातच नाय आलं.”

भागुबाई आपली बादली घेऊन आली. संजना हेडफोन लावून बसली, पलीकडे बंटी. पहिली बादली ओतली. “आहे अजून,” संजना म्हणाली. दुसरी ओतली. “कमी झालाय.” चौथ्या बादलीला गुणगुण थांबली. तिने मला जवळ ओढलं आणि हळूच म्हणाली, “दादा?”

“बोल की,” बंटी म्हणाला. “जिन्यामागे कोण आहे?”

कुंदनने मान खाली घातली. “मावशी, उद्यापासून इथंच बसा.”

“अन् चिखुल?”

“होऊ द्या चिखल.” त्याने प्लॅस्टिकचं झाड उचललं आणि कुठे ठेवावं ते न कळून बराच वेळ हातात धरून उभा राहिला.

रविवारी आम्ही दोन डाव जिंकलो. तिसऱ्यात दोघं बहीण-भाऊ खेळातल्या भिंतीआड दबा धरून बसली होती. सगळं शांत. तेवढ्यात बाहेरून आरोळी आली, “मेथी घ्या, शेपू घ्याऽ.”

संजना ओशाळली. “थांब दादा, दार लावून घेते. मागचा आवाज येतोय.”

बंटी म्हणाला, “राहू दे गं. उघडंच ठेव दार.” “पुण्यात कुठे ऐकू येते ही आरोळी.” दोघं ऐकत बसली, आणि तेवढ्यात कोणीतरी येऊन दोघांनाही गोळ्या घातल्या. आम्ही हरलो. तक्रार कोणीच केली नाही.

आता माझी मान धरत नाही. कॅफे बंद झाला तेव्हा संजनाने मला मागून घेतलं. मी तिच्या टेबलाच्या खणात असतो. तुम्हांला माझं सांगणं एवढंच, मित्रांनो, की उन्हाळ्यात अर्थिंगला बादलीभर पाणी घालत जा. आणि कुणाच्या गळ्यात घरघर लागली, तर त्याला भंगारात टाकण्याआधी एकदा दाराबाहेर बघून या, आपण तिथून कुणाला उठवलं आहे का ते.